लाल रेषेपलीकडचा ऋषिराज

संगणकातल्या धोम धरणावर धुकं उतरलं होतं. वाईतल्या आपल्या खोलीत बसून संयोगिता विमान उडवत होती... आणि डाव्या पंखाशेजारी दुसरं विमान कधी आलं, तिला कळलंच नाही.

"घाबरू नका हं," हेडफोनमध्ये आवाज आला. "मी ऋषिराज. तासगावचा."

"घाबरतंय कोण?" ती म्हणाली. विमान मात्र तिनं जरा उजवीकडं सरकवलं.

मग रोज संध्याकाळी सहाला तो यायचा. तिचा वेगाचा काटा पंच्याण्णववर, हिरव्या पट्ट्यात. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, आणि एकशे साठवरची लाल रेष – ती ओलांडली की विमान तुटणार.

"तुमचा काटा कुठाय?" तिनं एकदा सहज विचारलं.

"एकशे शहात्तर."

"काहीतरीच! पंखाला पंख लावून उडताय माझ्या. आणि लाल रेषेपुढं तुटाल की!"

"मी रोज पुढंच असतोय," तो हसला. "तुटायचं ते तुटून झालंय."

त्याच्या आवाजामागं सुकं काहीतरी सळसळत होतं.

विमानवाल्यांच्या ग्रुपवर तिनं चौकशी केली. कुणीतरी लिहिलं, 'तासगावचा ऋषिराज? तो फेब्रुवारीतच गेला की. मोटारसायकलवरनं.'

दुसऱ्या दिवशी संगणक लावायचाच नाही, असं तिनं ठरवलं. सहाला लावला. धुक्यात तो होताच.

"ऋषिराज... तुम्ही जिवंत आहात ना?"

हेडफोनमधली सळसळ वाढली.

"तुमाला काय वाटतं?"

"थट्टा नको. तुमच्या काट्याचा फोटो पाठवा. आत्ता!"

फोटो आला. तारांनी संगणकाला जोडलेलं मोटारसायकलचं मीटर, काच तडकलेली. त्यावर हातानं रंगवलेले पट्टे, एकशे साठवर लाल रेष, आणि तळाशी बारीक अक्षरं – किलोमीटर. विमानाच्या माहितीपुस्तकातले आकडे तर नॉटमधले, आणि एक नॉट म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर! तिचे पंच्याण्णव नॉट म्हणजेच त्याचे एकशे शहात्तर किलोमीटर.

ती हसली. मग तिला रडूच फुटलं.

"अहो, लाल रेष चुकीच्या जागी काढलीत!"

"व्हय? मला वाटलं, आता आपल्याला काय हुतच न्हाई..." तो म्हणाला. "गाडी मोडली, मीटर तेवढं ऱ्हायलं. डावा पाय न्हाई ऱ्हायला. लोक म्हनली गेला, मीबी खोडलं न्हाई. तुमी बघायला येऊ नका."

"पत्ता पाठवा. उद्या दुपारी पोचते," ती म्हणाली.

तासगावात त्याच्या बेदाण्याच्या शेडवरच्या जाळ्या वाऱ्यानं सळसळत होत्या. आतल्या अंधुक उजेडात तो कुबडी टेकून बसला होता – पांढराफटक, हलेना, बोलेना. संयोगिता सरळ पुढं गेली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. गार. बोटांखाली काहीच लागेना...

"काय बघताय?"

"गप बसा."

तिनं बोट जरा सरकवलं. लागलं!

"लय पळतंय," तो पुटपुटला. "तुमी दारात दिसल्यापासनं."

"पळू दे," ती म्हणाली. मनगट काही तिनं सोडलं नाही.