रस्त्याच्या मधोमध

आमच्या घरात देव्हारा नाही. बाबासाहेबांचा फोटो आहे आणि पुस्तकांचं कपाट आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. माझा धाकटा भाऊ भुजंग तेव्हा माझ्या शेजारी होता. त्याला विचारलंत, तर तो विषय बदलेल.

नोव्हेंबर १९८७. पूर्णा ते चुडावा रस्ता. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील, माणिकराव, पूर्णा जंक्शनवर इंजिन ड्रायव्हर होते. तीस वर्षांत त्यांनी एक सिग्नल चुकवला नाही. रिटायर झाल्यावर हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या गॅरेजमधून भंगारात निघालेली विलायती स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोन सीटा, वर टप नाही, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. पूर्णेची पोरं तिला होडी म्हणायची. बाबांनी ती स्वतःच्या हातांनी चालू केली.

तिला सीटचे पट्टे नव्हते. ब्रेक दाबल्यावर थांबायला अर्धं शेत लागायचं. स्टेअरिंगची लोखंडी दांडी सरळ छातीवर रोखलेली.

आणि बाबा ती रस्त्याच्या मधोमध चालवायचे.

"बाबा, डावीकडून घ्या."

"अगं, तीस वर्षं गाडी हाकली म्या. समोरून आलं का कुणी?"

"ते रूळ होते, बाबा."

"हॉर्न दिलाय न्हवं? मग लाइन क्लिअर हाय."

वळण आलं की एक लांब हॉर्न. मग तसेच मधोमध पुढे. सहा वर्षं मी हेच भांडण भांडत होते.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत चुडाव्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून कापसाचा ट्रक आला. त्या दिवशी मी गाडीतच होते. पूर्णेपासून "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. मी ज्वारीत फेकली गेले, हात मोडला.

बाबा त्या दांडीवर आदळले आणि जागीच गेले.

गाडीला फारसं काही झालं नाही. हेच मला सहन होत नाही. त्या जुन्या गाड्या धडकेत चेपत नाहीत. बसलेला धक्का जसाच्या तसा आतल्या माणसाला देतात.

भुजंगनं ती दुरुस्त करायला घेतली. मी विरोध केला. "बाबांची आठवण हाय, अक्का," एवढंच उत्तर. शेवटी मी अट घातली की पट्टे बसवायचे. त्यानं एका जुन्या जीपचे बसवले.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नामांतराच्या बंदमुळे एसटी उभी होती. त्यातच चुडाव्याहून निरोप आला, गीताबाई मावशीला दम लागलाय. होडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"पट्टा लाव."

"अक्का, मावशीकडं चाललोय, लढाईवर न्हाई."

"लाव म्हणते ना."

"लावतो, लावतो. गावात दवंडीच देऊ, मास्तरीणबाईनं भावाला बांधून आणलाय."

भुजंग चांगला चालवतो. हळू आणि डावीकडून. पूर्णा मागे पडली. रस्ता मोकळा होता.

मग गाडी हळूच उजवीकडे सरकली...

"भुजंग, डावीकडे."

"घ्यायलोय की."

पुन्हा सरकली.

"काय करायलास तू?"

"म्या काय न्हाई करत! तीच ओढायलीय..."

त्याच्या हातांच्या शिरा तटतटल्या होत्या. दोन्ही हातांनी तो स्टेअरिंग डावीकडे फिरवत होता. ते हलत नव्हतं. जणू दुसऱ्या कुणीतरी घट्ट धरलं होतं.

वारा तोंडावर लागत होता...

पण त्याचा आवाज येत नव्हता. पाखरांचा नाही. इंजिनाचाही नाही.

आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो.

समोर ते वळण.

आणि... हॉर्न वाजला.

एकच. लांब.

त्या गाडीला हॉर्न नव्हता. अपघातात तो फुटला, म्हणून भुजंगनं काढून टाकला होता. त्या जागी नुसतं भोक होतं.

"ब्रेक दाब!"

"लागंना, अक्का!"

"बाबा, डावीकडे घ्या!" मी ओरडले. कुणाला हाक मारली, ते हाक मारल्यावर कळलं.

काही नाही.

पुन्हा ओरडले. विनवलं. रागानं डॅशबोर्डवर मुठी मारल्या. जिवंतपणी ऐकलं नाही, निदान आता तरी...

वळणाच्या पलीकडून ट्रकची घरघर ऐकू आली.

तेव्हा भुजंग किंचाळला, "बाबा, लाल! लाल सिग्नल हाय!"

स्टेअरिंग सैल पडलं.

ब्रेक लागला. गाडी डावीकडच्या चारीत उतरली आणि दणका देऊन थांबली. पट्टे छातीत रुतले, पण त्यांनीच आम्हाला जागेवर धरलं. ट्रकवाला शिव्या घालत निघून गेला.

गाडीतून उतरताना मी विचारलं, "लाल का म्हणालास?"

"ठाव न्हाई अक्का. तोंडातून गेलं."

पुढे आम्ही चालत गेलो. मावशी बरी झाली. परभणीच्या रंगनाथ मिस्त्रीनं गाडी दोनदा खोलून पाहिली. "बाई, स्टेरिंग लोण्यावानी फिरायलंय. ब्रेक बी शाबूत. तुमाला भास झाला आसंल."

दोघांना एकच भास?

गाडी आता शेडमध्ये विटांवर उभी आहे. घ्यायला माणसं येतात. भुजंग तयार आहे, मी देऊ देत नाही. त्यांना काय सांगू? पट्टा लावा, ब्रेक तपासा, वेग आवरा, हे सांगता येतं. पण वळणावर काय म्हणायचं, ते कसं सांगू?

माझ्या सहा वर्षांच्या भांडणानं बाबा एक वीतभर डावीकडे सरकले नाहीत. भुजंगच्या एका शब्दावर थांबले.

त्या फेब्रुवारीत त्यांच्या शेजारी मी होते. रेल्वे क्वार्टरमध्येच वाढले मी. तो शब्द मला चालायला लागल्यापासून ठाऊक होता.

मी डावीकडे, डावीकडे म्हणत राहिले.