पूजेतलं हँडल

चोपन्न सालच्या आषाढात श्रीपादला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याची मोटार दोन बैल ओढत होते. वरून रिमझिम, छप्पर फाटकं, आणि हा स्टिअरिंग धरून असा ताठ बसलेला, जणू पुढे बँडच वाजतोय! अंबरनाथच्या आमच्या गल्लीत, खिडकीत उभी राहून मी खो खो हसले.

"हसा, हसा!" तो वर बघून म्हणाला. "उल्हासनगरच्या भंगारातून आणलीय. दसऱ्याला हीच ऑस्टिन तुमच्या दारावरून दिमाखात जाईल."

"आणि नाही गेली तर?"

"तर बैलांच्या जागी मी!"

कारखाना सुटला की तो इंजिनात डोकं घालायचा. शिवणात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून त्याच्या आईंनी, माईंनी, छपराचं काम मला सांगितलं. माप घ्यायला गेले ती... मग गाद्याही मीच शिवल्या.

"क्लच कुठला?" तो मध्येच परीक्षा घ्यायचा.

"डावा. तुमच्या नाकाला ग्रीस लागलंय."

"पुसा ना मग—"

"इश्श! पदर काय फुकटचा आहे?"

बाबांच्या कानावर गेलंच. "बैल जुंपून मोटार आणणाऱ्याला मुलगी द्यायची? दसऱ्याला दुपारी तुला बघायला पुण्याची मंडळी येताहेत. त्याआधी ती गाडी चालत दारात आली, तर बोलू."

दसऱ्याच्या सकाळी नवी साडी नेसून मी त्याच्या अंगणात धावले. गाडी आरशासारखी लखलखत होती. श्रीपादचा चेहरा मात्र पडलेला.

"हँडल फिरवल्याशिवाय ही चालू होत नाही, वृंदा. आणि काल खंडेनवमीला पान्यांबरोबर हँडलही पूजेत मांडलं... मीच!"

"संध्याकाळपर्यंत पूजा हलायची नाही," माई दारातून म्हणाल्या.

श्रीपादने दोर आणला, गाडीला अडकवला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. "शब्द म्हणजे शब्द. तू क्लच दाबून आत बस. उतारावर क्लच सोडला की हँडलशिवायही इंजिन सुरू होतं, तो सोडायला कुणीतरी हवं ना!"

लोक हसत होते. मला नाही हसू आलं. हा माणूस आपला आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

उतार लागला. गाडी आपणच घरंगळू लागली. त्याने दोर सोडवून बाजूला उडी मारली.

"सोड!"

मी क्लचवरचा डावा पाय उचलला. गाडीने एक हिसका दिला, खोकली... आणि धडधडत सुटली! अगं बाई, मी मोटार चालवत होते! "ब्रेक! ब्रेक!" ओरडत तो मागून पळत होता. बरोबर आमच्या पायरीपाशी मी दोन्ही पाय दाबले. इंजिन चालूच होतं.

बाबांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, त्याच्या खांद्यावरचा दोराचा वळ पाहिला.

"कुणाची ही गाडी?"

श्रीपाद धापा टाकत तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "आमची!"

बाबा घरात वळून आईला म्हणाले, "अगं, ओवाळायचं ताट आण. जावई आलेत... गाडीसकट!"

श्रीपादच्या नाकावर आज ग्रीस नव्हतं, धूळ होती. नव्या साडीच्या पदराने मी ती पुसली, सगळ्या गल्लीदेखत.