चित्रातला घण

“जरा डावीकडे… अजून थोडं… हं! आता बघ कसं शोभतंय!” ग्वेनची आई मार्गेडबाई एप्रनच्या टोकाने डोळे टिपत म्हणाल्या, आणि स्टुलावर उभ्या असलेल्या ग्वेनने छापील चित्राची ती जड चौकट खिळ्याला अडकवून हात खाली घेतले.

एमरिसचं चित्र! एमरिस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याने काढलेली लोहारांची, भट्ट्यांची, उडत्या ठिणग्यांची चित्रं आता बॉस्टनपासून शिकागोपर्यंत घरोघरी पोचली होती. कॅलेंडरांवर छापलेली ती चित्रं लोक वर्ष संपल्यावर कापून स्वयंपाकघरात लावत. त्यातलं सर्वांत लाडकं चित्र हेच… ऐरणीपाशी घण उगारलेले त्यांचे वडील ग्रिफिथ प्रिचर्ड, आणि मागे भाता ओढणारा कोवळा एमरिस.

ग्वेन त्या चित्राकडे बघत राहिली. भट्टी खरी होती, ऐरण खरी होती, काजळलेल्या खिडकीतून येणारा तो पिवळा उजेडसुद्धा अगदी खरा होता. खोटी होती ती फक्त माणसं!

व्हर्मॉन्टच्या या डोंगराळ गावात, पाटीच्या दगडाच्या खाणीवर, तिचे वडील लोहार होते. खाणकामगारांच्या बोथट छिन्न्या आणि पहारींना धार लावायची, मोडलेल्या साखळ्या सांधायच्या, हे त्यांचं काम. एमरिस चित्रकला शिकायला बॉस्टनला गेला त्याच हिवाळ्यात दगडाची एक लादी घसरली आणि ग्रिफिथच्या उजव्या खांद्याचा चुरा करून गेली. घर खाणीच्या मालकीचं होतं. लोहार गेला की घर जाणार, आणि एमरिसचं शिक्षणही! मग ग्वेनने घण उचलला. “दार लावून घे,” वडील म्हणाले होते, “प्रिचर्डच्या ऐरणीवर बाई उभी आहे हे कुणाला कळता कामा नये.” खांदा बरा झाला असं त्यांनी गावभर सांगितलं. कामगार संध्याकाळी बोथट छिन्न्या पडवीत टाकून जात, सकाळी धारदार घेऊन जात. वडील दारासमोर पाइप ओढत बसत आणि लोकांची शाबासकी घेत. आत ती तरुण पोर धुरात, घामात, ठिणग्यांत आपलं सारं यौवन जाळत राही…

तेव्हाच आयवर रीसने तिला मागणी घातली होती. खाणीतलाच, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा. ग्वेनचा जीव जडला होता त्याच्यावर! पण आईने तिचे दोन्ही हात धरले, “तू गेलीस तर आम्ही रस्त्यावर येऊ गं!” तिने नकार दिला. कारण सांगता येत नव्हतं. आयवर कडवटपणे म्हणाला होता, “खाणीतल्या माणसाच्या अंगाचा वास सोसत नसेल बाईसाहेबांना!” त्या वसंतात त्याने ओल्वेनशी लग्न केलं.

आता खाणीने धार लावायची यंत्रं आणली होती आणि भट्टी कायमची विझली होती. वडिलांना पेन्शन म्हणून घर राहू दिलं होतं. ग्वेनचे केस पिकले होते.

चॅपलच्या सभागृहात मूळ चित्रांचं प्रदर्शन होतं, म्हणून एमरिस आला होता. मनुकांच्या पावाचा तुकडा मोडत तो टेबलाशी बसला होता. ग्वेनने स्टुलावरून उतरून विचारलं, “एमरिस, या चित्रात मी कुठे आहे रे?”

त्याचा हात थबकला.

“पहिलं चित्र तुझंच काढलं होतं, ताई,” तो हळूच म्हणाला. “घण उगारलेली तू… त्याहून चांगलं चित्र मी आजवर काढलेलं नाही. मी ते इथे आणलं होतं, पण…”

“पण काय?”

“मी चुलीत घातलं!” मार्गेडबाई एकदम बोलल्या. “हो, घातलं! लोक काय म्हणाले असते? प्रिचर्ड पोरीच्या जिवावर जगतो?”

“मग जगत नव्हतो का गं आई आपण सगळे?” ग्वेनने विचारलं.

एमरिस कळवळून म्हणाला, “ताई, मी भित्रा निघालो.”

“भित्रा नाही रे,” ग्वेन म्हणाली. “तुला दुसरं चित्र काढता आलं, मला दुसरं आयुष्य नाही काढता आलं. बास, तेवढंच.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत वडील बसले होते. त्यांचा पाइप कधीच विझला होता.

दुपारी सभागृह गच्च भरलं. पाद्रीबुवांनी ग्रिफिथला हाताला धरून त्या लोहाराच्या मूळ चित्रापाशी नेलं, वर्तमानपत्रवाल्याने कॅमेरा रोखला, आणि कुणीतरी हौसेने खाणीवरचा एक घण आणून म्हाताऱ्यापुढे धरला. “उचला, प्रिचर्डकाका! चित्रात आहे तस्साच!”

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने घणाकडे पाहिलं.

“हा हात…” ते म्हणाले, “लादी पडल्यापासून या हाताने मी साधा चमचासुद्धा उचललेला नाही. एमरिसच्या चित्रातला लोहार मी नव्हे. तुम्ही ज्या छिन्न्यांनी दगड फोडलात, पोरंबाळं वाढवलीत, त्या माझ्या लेकीने घडवल्या… माझ्या ग्वेनने! मी दाराशी बसून नुसता मान मिरवला!”

मार्गेडबाईंनी तोंड झाकून घेतलं. सगळ्यांच्या नजरा ग्वेनकडे वळल्या, आणि तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! या एका वाक्यासाठी तिने केवढी वाट पाहिली होती… आणि ते आलं केव्हा? बोलून काही गमवायचं उरलं नाही तेव्हा!

गर्दीतून आयवर पुढे आला. मागे ओल्वेन होती, मोठी झालेली मुलं होती.

“म्हणून?” तो एवढंच म्हणाला. “म्हणून नाही म्हणालीस?”

“म्हणून.”

“एकदा सांगायचंस, ग्वेन…”

“सांगितलं असतं तर थांबला असतास?”

ओल्वेनने हलकेच त्याच्या बाहीला हात लावला, आणि तो मान खाली घालून तिच्याबरोबर निघून गेला. एमरिस धावत आला, रडत होता. “ताई, मी पुन्हा काढतो तुझं चित्र! उद्याच बसतो!”

“कुणाचं काढशील रे?” ती म्हणाली. “ती मुलगी आता कुठेय?”

घराच्या चढावर वडिलांना दम लागू लागला. ग्वेनने त्यांना दंडाला धरलं. मार्गेडबाई आणि एमरिस मागे राहिले होते, जवळ यायचं धाडस दोघांना होत नव्हतं. अर्ध्या वाटेवर वडील थांबले. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळत होती.

“मी तुझं आयुष्य खाल्लं, पोरी…”

असं बोलून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ‘नाही हो बाबा, असं काय बोलता!’ हे ऐकायला त्यांचे प्राण जणू कानांत गोळा झाले होते. साऱ्या जन्मात तिने त्यांना दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

“हो बाबा,” ग्वेन म्हणाली. “खाल्लंत.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले, मान हलवली… आणि त्यांचा थकलेला भार तिच्यावर पडला. तिने दंड सोडला नाही. उलट अधिक घट्ट धरला आणि त्यांना सावरत, एकेक पाऊल टाकत ती तो चढ चढू लागली.