प्रश्नचिन्हापुढचं शेपूट

बसगाड्या शोधायचं पान बनवणं हे काही जगावेगळं काम नाही. माणूस कुठून, कुठे, कोणत्या तारखेला आणि किती प्रवासी एवढं भरतो, बटण दाबतो, गाड्या समोर येतात. भरलेलं सगळं त्या पानाच्या पत्त्यातच जाऊन बसतं. पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह आणि त्याच्यापुढे जोड्या: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे उत्तर. तो पत्ता कुणाला पाठवला की त्यालाही तुमचाच प्रश्न जसाच्या तसा दिसतो. माझं पोट याच कामावर चालतं.

या कामात एक रीत आहे. ओळखीच्या नावाची जोडी घ्यायची, अनोळखी जोडी मुकाट टाकून द्यायची. तक्रार करायची नाही, विचारपूस करायची नाही. कारण पाठवापाठवीत पत्त्याला काय वाट्टेल ते चिकटतं. जाहिरातवाले, गप्पांची अ‍ॅपं, जो तो आपलं शेपूट लावून देतो. त्या शेपटांत लक्ष घालत बसलं तर घरी जायला नको.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांना नंबर लावले, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की त्यांची जीभ जड व्हायची. आई गेल्यावर ते मागे गावी एकटेच राहिले. 'मी तुझ्याकडे येऊ का?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्याऐवजी ते मला लिंक पाठवायचे. आमच्याच पानाची, त्यांच्या गावाहून माझ्या शहरात येणाऱ्या गाडीची. सोबत एक शब्द नाही. मला काय ते कळायचं, आणि मी लिहायचे, 'या आठवड्यात नको बाबा, कामाचा डोंगर आहे.' त्यावर त्यांचा अंगठा यायचा. काही दिवस गेले की पुढची लिंक.

आई असती तर असलं काही झालंच नसतं. तिला आडपडदा माहीत नव्हता. गाडी सुरू झाली की बाबांचा डोळा लागायचा, आणि आमचा थांबा आला की ती कोपराने ढोसून त्यांना उतरवायची. कधी ते एकटे निघालेच तर त्यांच्याआधी तिचा फोन. "घ्यायला ये. हे झोपतात आणि पुढे जातात." दोघं परत घरी गेली की कुलूप उघडता उघडता पुन्हा फोन. "पोचलो." एवढंच बोलून ठेवून द्यायची.

तर एकदा बाबांनी पाठवलेली लिंक मी उघडली आणि पत्त्यात प्रवासी दोन दिसले. मी फोन लावला.

"बाबा, दोघांची गाडी कशाला शोधताय?"

"मी एकच टाकतो गं."

"इथे दोन दिसतायत."

"हो, इथेही दिसतात. बटण दाबलं की होतात. असू दे ना. काय बिघडतंय?"

मला भरून आलं. सवय जात नाही, दुसरं काय. तरी कामाचा किडा स्वस्थ बसू देईना. मी आमच्या टेस्टरला सांगितलं. त्याला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणतात. जेवणाचा डबासुद्धा तो दोनदा हुंगून उघडतो. त्याने वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये करून पाहिलं. एक टाकलं की एकच राहत होतं. मग मी स्वतः एक प्रवासी असलेली लिंक बाबांना पाठवली आणि म्हटलं, काही न बदलता परत पाठवा. परत आली तेव्हा प्रवासी दोन होते.

आणि शेवटी एक शेपूट होतं. टक्क्याचं चिन्ह, दोन अक्षरं, पुन्हा टक्का, पुन्हा दोन अक्षरं, अशी लांबलचक माळ. गंमत म्हणजे त्या जोडीला नावच नव्हतं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे रिकामं, उजवीकडे हे सगळं.

"उकलून बघितलंस?" शंकासुराने विचारलं. आपल्या लिपीतली अक्षरं पत्त्यात गेली की अशी टक्क्यांत बदलतात, ते परत वाचता येतं, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"गप्पांच्या अ‍ॅपचा कचरा असणार. त्यात काय बघायचंय?"

"सगळ्या लिंकांना हेच शेपूट आहे. एकाही अक्षराचा फरक नाही."

"म्हणजे कचराच ना?"

तो खांदे उडवून गेला. मी त्याच दिवशी सफाईचा कोड लिहिला. आता अनोळखी जोडी नुसती दुर्लक्षित होणार नव्हती, पत्त्यातून पुसलीच जाणार होती. प्रवाशांचा आकडा माणसाने टाकलेल्याहून वेगळा निघाला तर तोही आपोआप सरळ होणार होता. छान, नीटनेटका कोड होता. मला त्याचा अभिमान वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते.

बाबांची पुढची लिंक स्वच्छ आली. प्रवासी एक. शेपूट नाही. मी खुशीत त्यांना लिहिलं, 'या बाबा. या खेपेला खरंच या.'

निघायच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी मीटिंगच्या दारात उभी होते.

"बसलो बरं का गाडीत."

"थांब्यावर उतरून टॅक्सी करा. मला निघता येणार नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे."

"बरं." मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "आज जरा एकटं वाटतंय गं."

"एकटेच तर असता ना बाबा तिकडे?"

"नाही. तसं वाटत नव्हतं." मग घाईघाईने, "जा तू, तुझं काम कर."

मी गेले.

दुपारी काकूंना विचारलं. बाबा आले नव्हते. त्यांचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. गाडी वेळेवर आल्याचं आमचंच पान सांगत होतं. मी आधी थांब्यावर गेले. तिथे बाकावर कुणी नव्हतं. मग डेपोत.

गाडी शेवटच्या रांगेत उभी होती. काचा नुकत्याच धुतलेल्या, पाणी अजून निथळत होतं. कंडक्टर खाली उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"झोपलेत असं वाटलं, ताई. तुमचा थांबा आला तेव्हा मी हाकही मारली होती."

बाबा खिडकीशी बसले होते. शेजारची सीट त्यांनी मोकळी ठेवली होती. पिशवी मांडीवर होती.

डॉक्टर म्हणाले, थांब्यावरच कुणाच्या लक्षात आलं असतं तर कदाचित. तो 'कदाचित' त्यांनी दयाबुद्धीनेच जोडला असेल. माझ्या मनातून तो जात नाही.

दिवसकार्य उरकून कामावर गेले तेव्हा शंकासुर माझ्या खुर्चीपाशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी ते शेपूट उकललं," तो म्हणाला. "तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं."

त्याने कागद पुढे केला नाही, पडद्यावरच दाखवलं. बाबांची पहिली लिंक. टक्के गेले, अक्षरं उरली.

घ्यायला ये.

दुसरी लिंक. घ्यायला ये. तिसरीही तीच. एकूण एक.

"बाबांनीच लिहिलं असेल," मी म्हणाले.

"कुठे लिहिणार? आपल्या पानावर लिहायला तसा चौकोनच नाही." त्याने बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आणि नावाशिवायची जोडी हाताने कोण बनवेल?"

मी सफाईचा कोड काढून टाकला. त्याच संध्याकाळी. वरच्यांनी कारण विचारलं, मी काहीतरी सांगितलं. तेव्हापासून येणारं प्रत्येक अनोळखी शेपूट मी उकलून वाचते. जाहिराती असतात. आकडे असतात. नुसता कचरा.

मी तोच प्रश्न पुन्हा करून पाहिला. बाबांच्या गावाहून माझ्या शहरात. प्रवासी एक. बटण दाबलं. एकच राहिला. दिवसभरात कितीदा दाबलं असेल.

शंकासुर म्हणाला, "पुरे आता." त्याचं बरोबर होतं. मी थांबले.

काल जेवणाच्या सुट्टीनंतर एका साध्या दुरुस्तीसाठी मी पान उघडलं. अजून काहीच भरलं नव्हतं. तरी पत्ता भरलेला होता.

कुठून: माझं शहर.

प्रवासी: दोन.

शेवटी शेपूट होतं, पण आखूड. डावी बाजू रिकामी. ते आईचं आहे हे मला उकलण्याआधीच कळलं. तरी उकललं.

पोचलो.

मी पुन्हा वर पाहिलं. 'कुठे' ही जोडी जागेवर होती. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.