आनंदीने दिलेली ओ

यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आनंदीमावशीने सांगितलं, तसंच लिहितेय.

साल १९८६. खाडीकाठचं देवबाग. कार्तिकातली तिन्हीसांज.

घरात तिघीच होत्या. आनंदी, तिची सासू माई आणि पाळण्यात पाच महिन्यांची सुगंधा.

नवरा भिकाजी बोटीवर. जाताना त्याने परदेशातून आणलेला रेकॉर्ड प्लेयर आणि एक मोठी तबकडी घरी ठेवली होती.

"सोल म्हणतत ह्या परदेशी गाण्यांक. भाषा कळाची नाय, पण काळजाक लागात," म्हणाला होता.

माईच्या धाकाने ती तबकडी तशीच पडून होती. त्या सांजेला माई तुळशीकडे दिवा घेऊन गेली आणि आनंदीने हळूच पिन ठेवली.

आधी नुसती खरखर...

मग एका बाईचा आवाज. भरदार, ओला. नुकतीच रडून उठल्यासारखा.

ती हाक मारल्यासारखं गायची, मागच्या बायका ओ द्यायच्या. आनंदीला शब्द एक कळत नव्हता. तरी डोळे भरून आले. कुठली कोण ही बाई, पण गाऱ्हाणं आपलंच सांगतेय!

गाण्याच्या शेवटी बाईने पुन्हा हाक मारली...

मागच्या बायका गप्प.

आनंदीला राहवलं नाही.

"ओऽऽ!"

दारात माईच्या हातातली पणती पडली.

"गो, कोणाक ओ दिलंस?"

"गाण्याक, माई."

"घोव बोटीर, नि हिका गाणी! तिन्हीसांजेक पयल्या हाकेक ओ देवची नाय. तिसरी येयसर तोंड मिटून रवाचा, माणूसच तिसरी मारता. पोराटोरांक ठावक आसा ह्या!"

"तबकडीतली बाई ती. ती काय माका वळाखता?"

"ती नाय गो... ऐकणारे दुसरे आसत."

आनंदीने घाईने पिन उचलली. तबकडी थांबली.

आवाज थांबला नाही.

तो आता खाडीकडून येत होता. बाईचा नव्हे...

तान्ह्या बाळाचा.

आपल्या लेकराचं रडणं आई ओळखणार नाही?

ती पाळण्याकडे धावली. सुगंधा होती. लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं. जीव तोडून रडत होती...

आवाज मात्र नव्हता.

कणकवलीच्या डॉक्टरांनी घसा तपासला. काही दोष नाही, म्हणाले. माईने देवळात कौल लावला. देवाने उजवा दिला नाही, डावाही नाही.

सुगंधाच्या तोंडून शब्द कधी फुटलाच नाही.

बाहेर मात्र फुटला.

ती चालायला लागली, तेव्हा एका सांजेला माडांमागून बोबडी हाक आली. "आये..."

ती वाढली, तशी हाकही वाढत गेली. आज ती हाक मोठ्या बाईची आहे. एकदाच येते. दुसरी नाही, तिसरी तर कधीच नाही. आणि तिच्यात माया नाही. दात खाऊन मारल्यासारखी येते.

मावशी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसते.

"भिया वाटणा नाय गो," मला म्हणाली. "पण माझ्या चेडवाचा 'आये' माका तितक्याच ऐकाक गावता."

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. सुगंधा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. बाहेरून हाक आली...

मी मावशीकडे पाहिलं.

पदर तिच्या मांडीवर होता. ओठ उघडे.