भयपरती

समुद्रतळाची प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभं राहतं. वेंगुर्ल्याच्या समुद्रात खोलवर बसवलेलं पाणघर प्रत्यक्षात मालगाडीच्या डब्याएवढं होतं आणि त्यात कायम ओल्या टॉवेलचा वास येई. आत माणसंही दोनच. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. वैजयंती रेगे आणि पाणघर बांधणारे अभियंते यशोधन सुर्वे.

"डॉक्टर, तुमची ही धीरपट्टी नेमकं करते काय?" पट्टी बोटाभोवती फिरवत सुर्व्यांनी विचारलं. "की नुसताच ताईत?"

"थट्टा करा खुशाल," रेगे म्हणाल्या. "मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. संकट दिसलं की तो शरीरभर बोंब ठोकतो. पट्टी ती बोंब मानेपाशी अडवते. डोकं थंड राहतं, विचार सरळ चालतो."

"म्हणजे भीती जाते."

"जात नाही हो, थांबते. पट्टी बंद केली की अडवलेली सगळी भीती एकदम परत येते. तिला आम्ही भयपरती म्हणतो. जेवढी अडवली तेवढी येते, रतीभरही कमी नाही. आजवर एकही अपवाद नाही."

"आणि ऐन संकटात चालू केली तर?"

"तसलं काही करू नका. भीती सुरू झाल्यावर मध्येच अडवली तर हृदय बंद पडू शकतं. पट्टी आधीच चालू हवी."

घाबरलेल्या माणसाने चाळा करू नये म्हणून बटण मानेखाली दोन खांद्यांच्या मधोमध, स्वतःचा हात पोचणार नाही अशा जागी होतं. म्हणून जोडीदाराने पट्टी बांधायची, बटण दाबायचं आणि "बसली" म्हणायचं असा रिवाज पडला होता. सुर्व्यांनी रेग्यांची पट्टी बांधली, बटण दाबलं आणि म्हणाले, "बसली." मग रेगे त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. तेवढ्यात वरच्या जहाजावरून संचालकांचा आवाज आला. चाचणी कुठवर आली, पाहुणे कधी बोलवायचे, हजार चौकशा. त्यांना उत्तरं देता देता रेग्यांनी पट्टी आवळली, सुर्व्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बसली."

चहाचे कप विसळून होत नाहीत तोच छताची एक जोडणी फाटली आणि पाणी आत उसळलं.

रेग्यांना अजिबात भीती वाटली नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं. माणसाला वर नेणाऱ्या सुटकाकुपीत जागा एकाचीच. बचावनौका येईपर्यंत उरलेली हवा पुरेल तीही एकालाच. आणि पाणी उपसायचा हातपंप इतका हट्टी की सुर्व्यांशिवाय कुणाचं ऐकत नसे.

"तुम्ही जा," सुर्वे सावकाश म्हणाले. वाट विचारणाऱ्या पाहुण्याला सांगावं तसं. "मी पाणी उपसत राहतो."

हिशेब बरोबर होता. रेगे कुपीत बसल्या. त्यांनी सुर्व्यांचा हात हातात घेतला नाही, भीती वाटते का हेही विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कोण विचारतो?

जहाजावरच्या डॉक्टरांनी रेग्यांची पट्टी बंद केली आणि भयपरती आली. खाटेला बांधलेल्या रेगे घसा बसेपर्यंत ओरडल्या, कपडे ओले झाले, दात वाजत राहिले. त्यातून उठल्या त्या थेट जलसंवादकापाशी गेल्या. खालून सुर्व्यांचा आवाज येत होता.

"दांडा वर. दांडा खाली. पाणी गुडघ्याला आहे. दांडा वर."

"ऐका साहेब," रेगे संचालकांना म्हणाल्या, "आवाजात कंप आहे का कुठे? पट्टी सोन्यासारखी चालतेय." बोलताना त्यांना चक्क अभिमान वाटत होता.

कुडाळहून सुर्व्यांच्या पत्नीचा, सुनेत्राचा, फोन आला. तिला नवऱ्याशी दोन शब्द बोलू दिले. मग रेग्यांनी तिला धीर दिला. "काळजी करू नका वहिनी. आवाजात कंपसुद्धा नाही, पट्टीमुळे त्यांना भीती वाटतच नाहीये."

सुनेत्राने फोन ठेवला.

संध्याकाळी बचावनौकेने सुर्व्यांना वर आणलं. त्यांनाही खाटेवर बांधलं, पट्टी बंद करायची वेगळी खुंटी ओढली आणि सगळे थांबले. सुर्व्यांनी चहा मागितला. सगळे आणखी थांबले.

"अहो, हात तरी सोडा," सुर्वे म्हणाले. "कप कसा धरू?"

रेग्यांना आनंदाने हसू फुटलं. पहिला अपवाद! मग ते हसू ओठांवरच विरलं. अपवाद नव्हताच. जी भीती परत येत नाही ती अडवलेलीच नसते. संचालकांचा आवाज त्यांना आठवला, पाठीवरची थाप आठवली. बटण दाबल्याचं काही केल्या आठवेना.

त्यांनी सुर्व्यांचे हात सोडले, चहा दिला आणि बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

"सुर्वे, पट्टी चालू नव्हती."

"नव्हती. पाणी आलं आणि भीती वाटली, तेव्हाच कळलं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तेव्हा बटण दाबून माझं हृदय बंद पडलं असतं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता?" सुर्व्यांनी घोट घेतला. "खूप घाबरलो होतो डॉक्टर. मग ठरवलं, पुढचं काही बघायचं नाही. हातातलं एक काम मोठ्याने बोलायचं आणि करायचं. दांडा वर, की वरच. तेवढं जमत होतं."

उसन्या धीराने आपण याला तिथे सोडून आलो, आणि याचा स्वतःचा धीर आपल्या यंत्राच्या नावावर खपवला. रेग्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी सुनेत्राला फोन लावला.

"वहिनी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यांची पट्टी मी चालूच केली नव्हती. सगळा वेळ ते घाबरलेले होते."

"माहीत आहे मला," सुनेत्रा म्हणाली.

"कसं?"

"एरवी माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत ते. एवढं सावकाश फक्त घाबरले की बोलतात. तुम्ही त्यांच्या आवाजाबद्दल मला सांगितलंत हो. तो आवाज मला कसा वाटला, हे मात्र विचारलं नाहीत."