दुसऱ्या माणसाने बाजूला व्हावे

कवळ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याची ही गोष्ट. गल्ली त्याला तोंडावर कवळीकाका म्हणायची आणि पाठीमागे खडूस. दोन्ही नावं खरी होती. त्याचं दुकान एका इमारतीच्या तळघरात. पायऱ्या उतरलं की ओल्या प्लॅस्टरचा आणि तापल्या मेणाचा वास यायचा. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. त्यातली निम्मी माणसं केव्हाच मातीला मिळालेली, साचे मात्र आ वासून तिथेच. फेकून द्या म्हटलं की म्हातारा गुरकायचा, "तुझ्या बापाचं काय खातात? दात असून चावत नाहीत, तुमच्यापेक्षा बरे."

त्या दिवशी काम साधंच होतं. मुलीला फोन करायचा. परगावच्या इस्पितळात दुपारी तिच्या डोक्याचं ऑपरेशन होतं. शुद्धीवर आल्यावर तिला बोलता येईल का, माणसं ओळखता येतील का, डॉक्टर सांगायला तयार नव्हते. म्हाताऱ्याला प्रवास झेपत नव्हता. तिला आत नेण्याआधी एकदा तिचं तोंड बघायचं, दोन शब्द बोलायचे, एवढंच त्याचं मागणं.

पण हल्ली सरळ फोन लागतो कुठे? मशीनं माणसांचं सोंग घ्यायला लागली. कुणाच्या बापाचा आवाज काढून, कुणाच्या भावाचं तोंड लावून आजारी माणसांना गंडवायला लागली. म्हणून इस्पितळाने नियम काढला, की आधी माणूस असल्याचं सिद्ध करा, मग पेशंटशी बोला. आणि सिद्ध करायचं कुणापुढे? तर दुसऱ्या मशीनपुढे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शेजारच्या चष्मेवाल्याने फोन बाटलीला टेकवून उभा करून दिला.

"काका, फोनमधली बाई सांगेल तसं करायचं. मान वळवा म्हटलं की वळवायची. भांडायचं नाही."

"मी कशाला भांडू?"

"मागच्या आठवड्यात तुम्ही वजनकाट्याशी भांडलात."

"तो खोटं बोलत होता."

चष्मेवाला हसत हसत पायऱ्या चढून गेला. फोनच्या चौकटीत एकच माणूस चालतो, असाही नियम होता. वर दार लागलं आणि तळघर गप्प झालं. बाहेर आभाळ इतकं दाटून आलं होतं, की झरोक्यातून उजेड नावालाच उतरत होता. टेबलावरच्या दिव्याचा एक पिवळा गोळा, त्याच्यापलीकडे काळोख.

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "चौकटीत दोन माणसं दिसत आहेत. दुसऱ्या माणसाने बाजूला व्हावे."

"एकटाच आहे मी."

"दुसऱ्या माणसाने बाजूला व्हावे."

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. साचे. कुरकुरत उठून त्याने फळ्यांवर चादर ओढली, परत बाकावर बसला. बाईचं तेच पालुपद. त्याने दिवा सरकवला, स्वतःची सावली पाडून पाहिली. तेच. मग चष्मा पुसून तो स्क्रीनकडे नीट बघायला लागला.

त्याच्या तोंडाभोवती एक हिरवी चौकट होती. दुसरी त्याच्या डाव्या खांद्याशी, नुसत्या काळोखाभोवती. आणि ती काही स्थिर नव्हती. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी खालीवर होत होती...

म्हाताऱ्याने डावीकडे हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. वास मात्र आला, आंबूस, ओकलेल्या दुधासारखा.

"मान वळवा," बाई म्हणाली. त्याने वळवली. "आता हसा."

इथे घोडं अडलं. आयुष्यभर लोकांना हसण्यासाठी दात करून दिले, पण स्वतः हसायचं त्याला कधी जमलंच नाही. त्याने ओठ फाकवले. "हसू ओळखता आले नाही." त्याने गाल बोटांनी ताणले. "हसू ओळखता आले नाही."

"अगं बये, तिकडे माझ्या पोरीला आत नेतायत! कसलं हसू मागतेस?"

बाई म्हणाली, "छान. माणूस असल्याची खात्री झाली."

म्हाताऱ्याच्या तोंडाभोवतीची चौकट विझली होती. खांद्याजवळची हिरवीगार झाली होती.

"आता दुसऱ्या माणसाने बाजूला व्हावे."

जन्मात त्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात इस्पितळाची पांढरी भिंत उमटायला लागली होती. तो उठला. भिंतीला पाठ लावून उजेडाबाहेर उभा राहिला. बाक करकरला... कुणी मधोमध सरकून बसावं तसा.

पोरगी दिसली. डोकं भादरलेलं, ओठ थरथरत होते. रिकाम्या बाकाकडे तिने पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा! अहो, तुम्ही चक्क हसताय!"

"पोरी, मी इकडे आहे," म्हातारा म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. ती दुसरंच काही ऐकत होती. मान डोलावत होती. "हो... हो बाबा... नाही घाबरत आता." तळघरात कुणीच बोलत नव्हतं. तिच्या ओठांची थरथर मात्र थांबली होती.

दोन पावलं पुढे टाकली असती तर म्हातारा उजेडात आला असता. त्याने नाही टाकली. पोरीची भीती गेली होती. ती कुणी घालवली, हे विचारायची ती वेळ नव्हती.

ऑपरेशन पार पडलं. ती बोलली, माणसं ओळखली. बापालाही ओळखलं, म्हणजे तिला जो बाप दिसत होता त्याला. म्हातारा एकटा फोनसमोर बसला की बाई गोड आवाजात सांगायची, "नोंदवलेली व्यक्ती आपण नाही." तेव्हा तो निमूट बाक सोडायचा, आणि काळोखाला हलक्या आवाजात म्हणायचा, "या... बसा." पोरीचा आवाज ऐकायचा तर दुसरा रस्ताच नव्हता.

मग तिने फोनवरच्या त्या बोलण्यातले फोटो पाठवायला सुरुवात केली. 'बाबा, बघा किती छान दिसता.' म्हाताऱ्याने भिंग लावून पाहिलं. सुरकुत्या त्याच्या, कानाजवळचा मस त्याचा, सदऱ्याचं तुटलेलं बटणही त्याचंच. दात तेवढे त्याचे नव्हते. इवलेसे, फटी असलेले, निळसर पांढरे. दुधाचे दात.

चष्मेवाल्याने डोकावून विचारलं, "काय काका, कवळी लहान बसवलीत का?"

म्हाताऱ्याने फोन उपडा केला.

कालच नवा फोटो आला. त्यात खालचे पुढचे दोन दात पडलेत. त्या जागी हिरडी फोडून मोठे दात वर येतायत, करवतीसारख्या कोऱ्या धारेचे.